बोगद्यातला धूर आणि बोगद्याबाहेरची कोंडी

ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्याचा विषय निघाला की पहिलं वाक्य वेळेचं असतं. घोडबंदर रोडने वळसा घालून जाण्यात अख्खी संध्याकाळ जाते. बोगदा झाला की तेच अंतर काही मिनिटांचं होईल. १३ जुलै २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं तेव्हा सरकारी निवेदनातही हेच होतं: बारा किलोमीटरचा फेरा वाचेल, सुमारे एक तास वाचेल. मानपाडा ते गायमुख रोज रखडत जाणाऱ्या माणसाला याचं मोल कोणी समजावून सांगायला नको. मला हा बोगदा हवा आहे. म्हणूनच त्यात एखाद्या गाडीने पेट घेतला तर धूर कुठे जाईल, हे मी काम चालू असतानाच विचारते आहे. उत्तरात चूक असेल तर काँक्रीट ओतून झाल्यावर ती निस्तरणं फार महाग पडतं, आणि काही चुका तर निस्तरताच येत नाहीत.

प्रकल्पाची एकूण लांबी ११.८ किलोमीटर. त्यातले १०.२५ किलोमीटर बोगदा आहे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणारा. ठाण्याचं तोंड टिकुजीनी वाडीजवळ, पलीकडचं बोरिवलीत मागाठाण्याला. जाण्याची आणि येण्याची नळी वेगळी, प्रत्येकीत दोन मार्गिका आणि एक आपत्कालीन मार्गिका. दोन्ही नळ्यांना जोडणारे क्रॉस पॅसेज दर तीनशे मीटरवर. आत धूर ओळखणारी यंत्रणा आणि जेट पंखे असतील, असं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, सांगितलं आहे. ही यादी वाचून बऱ्याच जणांना वाटतं की धुराचा प्रश्न सुटला, पंखे धूर बाहेर काढतील. पंखे नेमकं काय करतात ते मात्र फारसं कोणी सांगत नाही.

आग लागली की गरम धूर सरळ वर जातो, छताला आदळतो आणि छताखालून दोन्ही दिशांना पसरायला लागतो. सुरुवातीची काही मिनिटं तो वरच राहतो. खाली डोक्याच्या उंचीपर्यंत हवा बऱ्यापैकी स्वच्छ असते, समोरचं दिसतं, चालता येतं. माणसं वाचतात ती याच मिनिटांत. पण धूर जसा पुढे सरकतो तशी त्याची उष्णता भिंती शोषून घेतात, तो थंड होऊन जड होतो आणि खाली उतरतो. त्यामुळे आगीच्या अगदी जवळ उभ्या असलेल्याच्या डोक्यावरून धूर वरच्या वर जातोय आणि चारशे मीटर लांब असलेला माणूस मात्र त्यात बुडालाय, असं बोगद्यात होऊ शकतं. आगीपासून जितकं लांब तितकं बरं, हा आपला नेहमीचा हिशेब इथे लागू पडत नाही. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, गाडीतला फोम आणि प्लास्टिक जळून निघणारा हायड्रोजन सायनाइड असतो. बोगद्यातल्या आगींत बहुतेक माणसं भाजून जात नाहीत, गुदमरून जातात.

आता पंखे. छताला टांगलेले जेट पंखे हवेला बोगद्याच्या लांबीच्या दिशेने ढकलतात. हवेचा वेग पुरेसा ठेवला तर धूर मागे फिरू शकत नाही, सगळा एकाच दिशेला जातो. या वेगाला अभियंते क्रांतिक वेग म्हणतात. नेहमीच्या रस्ता-बोगद्यांत, मोठी आग धरली तर, तो साधारण सेकंदाला तीन मीटरच्या आसपास येतो. आगीच्या मागे थांबलेल्या गाड्यांना यामुळे स्वच्छ हवा मिळते आणि अग्निशमन दलालाही त्याच बाजूने आगीपर्यंत पोहोचता येतं. मात्र पुढच्या बाजूला उलटं होतं. जोराच्या हवेने छताखालचा तो धुराचा थर मोडतो आणि धूर वरपासून खालपर्यंत सगळा बोगदा भरून टाकतो. चुलीत फुंकणी घातल्यावर फुंकणाऱ्याचे डोळे वाचतात आणि समोर बसलेल्याच्या डोळ्यांतून पाणी येतं, तसंच हे. लांबीच्या दिशेने हवा ढकलणारी यंत्रणा धूर नाहीसा करत नाही. तो कोणाच्या अंगावर जाईल ते ठरवते.

मग जगभर हीच पद्धत का वापरतात? कारण त्यामागे एक गृहीतक आहे. वाहतूक एकेरी असेल तर आगीच्या पुढे असलेल्या गाड्या थांबायचं कारणच नाही, त्या धुराच्या आधी बोगद्याबाहेर पडतील. मागच्या गाड्या थांबतील, पण त्यांच्याकडे धूर येणार नाही. हे गृहीतक चुकीचं नाही. ते फक्त एका अटीवर उभं आहे: पुढचा रस्ता मोकळा हवा.

आणि आपण बोलतोय ते घोडबंदर रोडबद्दल. संध्याकाळी सात-साडेसातला मानपाड्याच्या नाक्यावर उभं राहून बघा. मेट्रोच्या खांबांमधून निघालेल्या गाड्या, कडेला दोन रांगांत उभ्या रिक्षा, थांब्यावर आडवी झालेली टीएमटीची बस, तिच्या मागून हॉर्न वाजवणारी खासगी कंपन्यांची वाहनं, आणि यातच आतल्या रस्त्यांवरून मुख्य रस्त्यावर येऊ बघणारा लोंढा. बोरिवलीहून येणाऱ्या नळीतून बाहेर पडलेली प्रत्येक गाडी याच परिसरात येऊन मिसळणार आहे. पलीकडच्या बाजूला मागाठाण्याला पश्चिम द्रुतगती महामार्ग आहे, त्याची संध्याकाळ काही वेगळी नसते. बाहेरचा नाका तुंबला की रांग मागे सरकते, आणि मागे सरकत सरकत ती बोगद्यात शिरते. एक किलोमीटर रांग धरा. गाडीमागे साडेसात मीटर जागा, दोन मार्गिका, म्हणजे अडीचशेहून जास्त गाड्या. त्यांच्या मागे आग लागली, तर नियमाप्रमाणे सुरू झालेले पंखे धूर नेमका याच अडीचशे गाड्यांवर आणतील. आणि त्यांना पुढे जायला जागा नसेल.

क्रॉस पॅसेज आहेत ना, असं कोणी म्हणेल. आहेत, आणि तीनशे मीटर हे अंतर वाईट नाही. युरोपीय संघाच्या नियमांत ते पाचशेपर्यंत चालतं. म्हणजे आपल्या बोगद्यात कोणीही जवळच्या क्रॉस पॅसेजपासून जास्तीत जास्त दीडशे मीटरवर असेल. पण सेकंदाला तीन मीटर वेगाने येणारा धूर दीडशे मीटर पन्नास सेकंदांत कापतो. धडधाकट माणसाला उजेडात तेवढं चालायला दोन मिनिटं लागतात. दाट धुरात माणसं भिंत चाचपत चालतात, वेग सेकंदाला अर्ध्या मीटरवर किंवा त्याहून खाली येतो, मग हेच अंतर पाच मिनिटांचं होतं. त्यात कडेवर मूल असेल, सोबत गुडघे दुखणारी आई असेल तर आणखी. आणि हे सगळं माणूस गाडीतून उतरल्यानंतरचं. उतरायचं की नाही हे ठरवण्यातच पहिली मिनिटं जातात. पुढे काहीतरी झालंय, सुटेल आता, काच वर घे, एसी चालू ठेव. आपण सगळे हेच करू.

मों ब्लांच्या बोगद्यात हेच झालं होतं. फ्रान्स आणि इटलीला जोडणारा ११.६ किलोमीटरचा बोगदा, लांबी जवळजवळ आपल्याइतकीच. २४ मार्च १९९९ रोजी मार्गारिन आणि पीठ घेऊन फ्रान्सकडून निघालेला एक ट्रक मध्यावर पेटला. म्हटलं तर साधा किराणा माल, पण आग ५३ तास धुमसत राहिली. ३९ माणसं गेली, त्यातली बहुतेक आपल्या गाडीत किंवा गाडीच्या आसपास. त्या बोगद्याला तेव्हा दोन नियंत्रण कक्ष होते, एक फ्रेंच कंपनीचा, एक इटालियन कंपनीचा. इटलीच्या बाजूच्या कक्षाने धूर ओढून घेऊ शकणाऱ्या वाहिनीतूनही ताजी हवा आत सोडली. आत अडकलेल्यांना श्वास घेता यावा हाच हेतू. पण आधीच हवा इटलीकडून फ्रान्सकडे वाहत होती. त्या जास्तीच्या हवेने धुराला आणखी रेटा मिळाला आणि तो ट्रकच्या मागे फ्रान्सच्या बाजूला थांबलेल्यांवर गेला. त्याआधीच्या वर्षांतही तिथे ट्रकांना आगी लागल्या होत्या, चालकांनी त्या जागच्या जागी विझवल्या होत्या. त्यामुळे यंत्रणेला वाटत होतं की आपली व्यवस्था ठीक आहे. बोगदा २००२ मध्ये पुन्हा उघडला, तो एकाच व्यवस्थापनाखाली आणि एकाच आदेशावर चालेल अशी घडी बसवून.

या ठिकाणी मला ठाण्याची खरी धास्ती वाटते. आपल्या बोगद्याचं एक तोंड ठाणे महापालिकेच्या हद्दीत आहे, दुसरं मुंबईच्या. दोन अग्निशमन दलं, दोन पोलिस आयुक्तालयं, दोन वाहतूक शाखा, बोगदा एमएमआरडीएचा आणि डोक्यावर वनखात्याचं उद्यान. एरवी एखाद्या खड्ड्यावरूनसुद्धा तो कोणाच्या हद्दीतला हे ठरायला आठवडा लागतो. आगीच्या वेळी पहिल्या दोन मिनिटांत पंख्यांची दिशा कोण ठरवणार, शेजारची नळी कोण बंद करणार, मानपाड्याचा सिग्नल कोणाच्या शब्दावर हिरवा होणार? शेजारची नळी बंद होणं तर फारच महत्त्वाचं. क्रॉस पॅसेजमधून धावत आलेली माणसं जिथे बाहेर पडतात तिथे ऐंशीच्या वेगाने गाड्या जात असतील तर सुटका कसली? शिवाय त्या नळीत हवेचा दाब थोडा जास्त ठेवावा लागतो, नाहीतर दार उघडताच धूरही माणसांबरोबर पलीकडे जातो. आणि दोन्ही नळ्यांची तोंडं शेजारी-शेजारी असतील तर एकीतून बाहेर पडलेला धूर दुसरीत ओढला जाऊ शकतो. हे सगळं निस्तरता येतं, जगात निस्तरलेलं आहे, पण त्यासाठी आदेश देणारा एकच हवा आणि त्याच्याकडे बोगद्याबाहेरच्या रस्त्यावरही अधिकार हवा.

हे मी पुस्तकी बोलत नाही. कोलशेत–मानपाडा पट्ट्यातल्या नव्या संकुलांत दोन-तीन मजली तळघर पार्किंग असतं आणि तिथेही असेच जेट पंखे टांगलेले असतात. आमच्या संकुलात एकदा अग्निसुरक्षेची रंगीत तालीम झाली. धुराची नळकांडी पेटवली आणि सुरक्षारक्षकाला शिकवल्याप्रमाणे त्याने सगळे पंखे एकदम सुरू केले. त्याला सांगितलं होतं ते एवढंच: धूर दिसला की बटण दाब. मिनिटभर आधी छताखाली पट्ट्यासारखा दिसणारा धूर बघता बघता खाली आला आणि लिफ्टच्या लॉबीत घुसला. जिन्याने खाली आलेल्या दोन आजी तोंडाला पदर लावून तशाच माघारी फिरल्या. पंखे बसवणाऱ्या कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, यंत्रणा व्यवस्थित चालली. ती खरोखर व्यवस्थित चालली होती. कुठला पंखा कधी आणि कुठला अजिबात नाही, हे कोणी ठरवलेलंच नव्हतं. आगीजवळचा पंखा सुरू केला तर तो आधी धुराचा थर मोडतो, हे त्या रक्षकाला कोणी सांगायचं?

गाड्या अडकलेल्या असताना तर बोगद्यातही पूर्ण जोराने पंखे चालवायचे नसतात. तेव्हा हवेचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, सेकंदाला मीटर-दीड मीटर, म्हणजे धूर जमेल तितका वेळ छताखाली राहील आणि दोन्ही बाजूंच्या लोकांना उतरून क्रॉस पॅसेजकडे जाता येईल. लोक बाहेर पडले की मग जोर वाढवायचा. म्हणजे रस्ता मोकळा असेल तर एक डावपेच, तुंबलेला असेल तर दुसरा. आत या क्षणाला काय स्थिती आहे हे नियंत्रण कक्षाला माहीत नसेल तर उत्तम पंखेसुद्धा घातक ठरतात. युरोपीय संघाने मों ब्लां आणि त्यानंतरच्या आगींमधून धडा घेऊन २००४ मध्ये बोगद्यांच्या सुरक्षेचे नियम केले. त्यांत लिहिलं आहे की दुहेरी वाहतुकीच्या किंवा एकेरी असूनही कोंडी होणाऱ्या बोगद्यात लांबीच्या दिशेने हवा ढकलण्याची पद्धत सरसकट वापरता येणार नाही. जोखमीचा अभ्यास करून ती चालेल असं दाखवा, किंवा वाहतुकीचं नियंत्रण, जवळजवळ बाहेर पडायच्या वाटा, ठरावीक अंतरांवर धूर ओढून घेण्याची सोय असे खास उपाय करा. आपल्याकडे त्या नियमांचं बंधन नाही. पण त्यामागची समज आपल्याला लागू आहे, कारण कोंडी आपल्याकडे त्यांच्यापेक्षा जास्तच आहे.

अवजड वाहनांचा मुद्दाही याच हिशेबात बसतो. साधी कार पेटली तर उष्णता साधारण पाच मेगावॉट, बस असेल तर तीसच्या आसपास. नॉर्वेत रुनेहामार इथल्या वापरात नसलेल्या बोगद्यात २००३ मध्ये ट्रेलरभर माल पेटवून प्रयोग झाले. माल रोजचाच: लाकडी आणि प्लास्टिकचे पॅलेट, गाद्या, फर्निचर, टायर, प्लास्टिकचे कप. त्यात उष्णता दोनशे मेगावॉटपर्यंत गेली. ज्वलनशील म्हणून ज्यावर पाटी लावावी असं त्यात काही नव्हतं. घोडबंदरवरून न्हावाशेवाकडून गुजरातकडे जे कंटेनर जातात त्यांत यापेक्षा वेगळं काय असतं? तेव्हा अवजड वाहनांना बोगद्यात कोणत्या वेळी सोडायचं आणि दोन ट्रकांमध्ये किती अंतर ठेवायला लावायचं, हा निर्णय टोलच्या उत्पन्नाचा किंवा वाहतूक शाखेच्या सोयीचा नाही. तो अग्निशमन अधिकाऱ्याच्या सहीशिवाय होऊ नये.

रेल्वेच्या बोगद्यांचं गणित वेगळं आहे, पण तेही आपल्या दारात आलेलं आहे. पारसिकचा १९१६ सालचा बोगदा आपण क्षणभर अंधार म्हणून ओळखतो. आता बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून, आणि ठाणे वर्तुळाकार मेट्रोचा तीन किलोमीटर भुयारी भाग. तिथेही माणसं धुरानेच जातात. ऑस्ट्रियात काप्रुनला २००० मध्ये डोंगर चढणाऱ्या रेल्वेला बोगद्यात आग लागली, धूर चढाच्या दिशेने वर गेला आणि वर पळालेले सगळे मेले. आगीला ओलांडून खाली उतरलेले वाचले. त्या दुर्घटनेत एकूण १५५ जीव गेले. दक्षिण कोरियात देगूला २००३ मध्ये एका मेट्रोत आग लावली गेली, आणि समोरून येणारी दुसरी गाडी स्थानकात येऊ दिली गेली. १९२ बळी, त्यातले बरेचसे त्या दुसऱ्या गाडीतले. आग एका ठिकाणी आणि चुकीचा आदेश दुसऱ्या ठिकाणी, ही जोडी वारंवार दिसते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो मांडणारी माणसं समंजस असतात. ती म्हणतात, अशा आगी फार क्वचित लागतात. घोडबंदरवर खड्ड्यांनी आणि भरधाव डंपरांनी दर वर्षी माणसं मरतात, बोगद्याने ती वाचतील. उगाच भीती पसरवून काम रखडवू नका. क्वचित लागतात हे खरं आहे. बोगदा एकंदरीत जीव वाचवेल हेही मला पटतं. पण मी जे मागते आहे त्याने काम एक दिवसही थांबत नाही. मेलबर्नच्या बर्नली बोगद्यात २३ मार्च २००७ रोजी ट्रक आणि गाड्यांची धडक होऊन आग लागली. तिघांचा जीव गेला. पण नियंत्रण कक्षाने काही मिनिटांतच पाण्याचे फवारे आणि धूर ओढणारी यंत्रणा चालू केली, आणि बाकीचे शेकडो लोक चालत बाहेर आले. तिथल्या माणसांकडे ठरलेला क्रम होता आणि तो त्यांनी आधी करून पाहिलेला होता.

म्हणून माझी मागणी आहे ती बोगद्याच्या आतल्यापेक्षा बाहेरच्या गोष्टींची. टिकुजीनी वाडी ते मानपाडा आणि तिथून घोडबंदर रोडपर्यंतचे सिग्नल बोगद्याच्या नियंत्रण कक्षाच्या हाताखाली द्या. आत रांग लागायला लागली की पलीकडच्या तोंडावर गाड्या थांबवण्याचा अधिकार त्या कक्षाला द्या, मग बोरिवलीत बाहेर रांग लागली तरी चालेल. लोक ओरडतील, वर्तमानपत्रांत फोटो येतील, आमदार फोन करतील. उघड्या आकाशाखाली थांबलेली गाडी आणि डोंगराच्या पोटात थांबलेली गाडी यांत काय फरक आहे, हे लोकांना पहिल्या दिवसापासून सांगावं लागेल. बाहेर पडण्याच्या रस्त्यावर रिक्षा थांबा, बस थांबा, हातगाड्या होऊ देऊ नका. धुराचा जो अभ्यास झाला असेल तो जाहीर करा, आणि त्यात दोन्ही मार्गिका तुंबलेल्या असताना काय होतं हे तपासलं आहे का, ते स्पष्ट दिसू द्या. गाडीतल्या रेडिओवर आणि आतल्या भोंग्यांवर मराठीत आणि हिंदीत काय सांगायचं ते आताच लिहून ठेवा: इंजिन बंद करा, किल्ली गाडीतच ठेवा, उतरा, हिरव्या दाराकडे चाला. सामान घेत बसू नका. हे वाक्य ठाण्याच्या शाळांतल्या मुलांना पाठ असलं पाहिजे, कारण गाडीत मागे बसलेलं मूलच बापाला उतरायला लावतं.

युरोपातल्या त्या नियमांत दर चार वर्षांनी खरीखुरी मोठी तालीम आणि मधल्या प्रत्येक वर्षी छोटी तालीम बंधनकारक आहे. आपण पहिली तालीम फीत कापण्याआधी करावी, आणि रविवारी सकाळी रिकाम्या बोगद्यात करू नये. शुक्रवारी संध्याकाळी बाहेर घोडबंदर तुंबलेला असताना, आत मुद्दाम रांगेत लावलेल्या गाड्यांमध्ये स्वयंसेवक, त्यांत काही वयस्क आणि एखाद-दुसरा चाकाच्या खुर्चीवरचा, खोटा धूर, आणि दोन्ही बाजूंच्या अग्निशमन दलांना आधी वेळ न सांगता. पहिली सूचना किती मिनिटांनी गेली, शेजारची नळी किती मिनिटांनी रिकामी झाली, पंखे कोणत्या दिशेने आणि कोणाच्या आदेशाने फिरले, पहिला बंब ठाण्याकडून आला की बोरिवलीकडून आणि तो मानपाड्याला किती वेळ अडकला, हे सगळं टिपून घ्यावं. काय काय चुकलं त्याची यादी उद्घाटनाची तारीख ठरण्याआधी ठाणे आणि मुंबई या दोन्ही महापालिकांच्या संकेतस्थळांवर मराठीत लावावी.